युबिक्विटिन : चिठ्ठी की खूण?

पेशी आपल्या पृष्ठभागावरची प्रथिने आत कशी घेते, यावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : 'युबिक्विटिन' या, इतर प्रथिनांना जोडल्या जाणाऱ्या लहान प्रथिनासाठी 'मृत्युचिठ्ठी' हा शब्द वापरला तर चालेल का? आणि 'युबिक्विटिन ग्राहीला पेशीत ओढून नेते' हे वाक्य बरोबर आहे का? (ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे, बाहेरचा संदेश पकडणारे प्रथिन.)

चिठ्ठी नको. वाक्य तर अजिबात नको.

'मृत्युचिठ्ठी' कुठून आली ते समजण्यासारखे आहे. हेर्श्को, चेखानोव्हर आणि रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते प्रथिनांच्या युबिक्विटिनमार्फत होणाऱ्या विघटनाच्या शोधासाठी. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची साखळी चढली की प्रोटिअसोम नावाचे यंत्र त्याचे तुकडे करते, ही गोष्ट त्यानंतर सगळीकडे सांगितली गेली आणि मरणाची उपमा तिला चिकटली ती चिकटलीच. पेशीच्या आतल्या पुष्कळशा प्रथिनांबाबत ती खपूनही जाते. तुमचा विषय मात्र पृष्ठभागावरच्या प्रथिनांचा आहे, आणि तिथे हिशेब वेगळा आहे.

युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. त्याचे शेपटाकडचे टोक दुसऱ्या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला जोडले जाते. खुद्द युबिक्विटिनमध्येही सात लायसिने आहेत, त्यामुळे एकावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी साखळी वाढवता येते. ४८व्या लायसिनवरून वाढलेली साखळी सहसा प्रोटिअसोमकडे नेते. ६३व्यावरून वाढलेली साखळी किंवा नुसते एकेकटे युबिक्विटिन यांचा अर्थ निराळा होतो. पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या बाबतीत चालतात त्या मुख्यतः याच खुणा. त्या प्रथिनांचा शेवट झालाच तर तो प्रोटिअसोममध्ये नाही, लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीत होतो.

म्हणून मी 'खूण' सुचवतो. परीट कपड्यावर घालतो तशी. कपडा कुठे जायचा हे ती खूण ओळखणारा ठरवतो, खूण स्वतः कपडा उचलत नाही. शिवाय मराठीत खूण 'पटावी' लागते, आणि इथे नेमके तेच घडते. एप्सिन, ईपीएस१५, एचआरएस अशा प्रथिनांमध्ये युबिक्विटिनला पकडणारे छोटे भाग असतात. त्यांना खूण पटली तरच पुढची हालचाल. 'शिक्का' हा शब्दही सुचला होता, पण शिक्का पुसत नाही. युबिक्विटिन मात्र काढून घेता येते. ग्राही लायसोसोमच्या वाटेवरच्या आतल्या पुटिकांत (चिमुकल्या पिशव्यांत) ढकलला जाण्याआधी त्याच्यावरचे युबिक्विटिन सहसा सोडवून पुन्हा वापरात आणले जाते. कधी ते त्याआधीच निघते आणि ग्राही सुखरूप पृष्ठभागावर परततो. मृत्युचिठ्ठी आलेला असा परत येत नाही.

आता ते वाक्य. 'ओढून नेते' म्हटले की कर्ता युबिक्विटिन होतो आणि सगळा अर्थ उलटतो. मराठीत 'लावणे' आणि 'लागणे' असा सोयीचा भेद आहे, तो वापरावा : लायगेज हे एन्झाइम ग्राहीला युबिक्विटिन लावते, युबिक्विटिन लागलेला ग्राही आत घेतला जातो. कर्मणी प्रयोगाला आपण एरवी सरकारी भाषा म्हणून नाक मुरडतो. इथे तोच खरा आहे, कारण ग्राहीला आत घेण्यात अनेक प्रथिनांचा हात असतो.

पण हे सुधारलेले वाक्यही प्रत्येक ग्राहीला लागू पडत नाही. १९९६ साली लिंडा हिक आणि हॉवर्ड रीझमन यांनी यीस्टमधल्या एसटीई२ या ग्राहीवर दाखवले की तो आत घेतला जाण्यासाठी युबिक्विटिन लागणे आवश्यक आहे. तिथे 'युबिक्विटिनमुळे आत घेतला जातो' हे सरळ खरे आहे. माणसाच्या पेशीतल्या ईजीएफ-ग्राहीचे (वाढीचा संदेश पकडणाऱ्या ग्राहीचे) तसे नाही. ज्या लायसिनांवर युबिक्विटिन बसते ती बदलून टाकली तरी तो क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या नेहमीच्या वाटेने आत जातोच. मात्र त्याचे विघटन रखडते. म्हणजे तिथे दारात खुणेची फारशी गरज नसते, आत गेल्यावर लायसोसोमकडे वळायचे की परत फिरायचे या फाट्यावर ती मोलाची ठरते. 'आत घेणे' आणि 'आत गेल्यावर वाट ठरणे' या दोन क्रिया लेखात वेगळ्याच ठेवा. बऱ्याच लोकप्रिय लेखांत त्या एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात.

खूण लागलीच नाही तर काय होते, याचे उदाहरण हवे असेल तर लिडल सिंड्रोम हा आनुवंशिक आजार घ्या. मूत्रपिंडात सोडियम आत घेणाऱ्या चॅनेलच्या शेपटाला नेड४-२ हे लायगेज धरते आणि युबिक्विटिन लावते. जनुकातल्या बदलामुळे ते शेपूट तुटके किंवा वेगळे निघाले की लायगेजला पकड मिळत नाही, चॅनेल पृष्ठभागावर साचत जातात, सोडियम शरीरात राहते आणि तरुण वयातच रक्तदाब चढतो.

पेशीच्या या आत घेण्याला 'अंतर्ग्रहण' हा शब्द ठेवा, रुळलेला आहे. 'अंतर्गतीकरण' वाचून एखादे खाते दुसऱ्या खात्यात विलीन झाल्यासारखे वाटते. 'गिळणे' हे जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठी राखून ठेवावे.

'सर्वव्यापिन' किंवा तत्सम भाषांतराच्या भानगडीत पडू नये. १९७५ साली गिडिऑन गोल्डस्टाइन यांच्या गटाने हे प्रथिन वर्णन केले तेव्हा ते सगळ्याच सजीवांत असावे असे वाटले होते, आणि नाव 'सर्वत्र' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. पुढे कळले की केंद्रक असलेल्या पेशींत ते असते, जिवाणूंत सहसा नसते. मूळ नावातली अतिशयोक्ती आपण भाषांतर करून कशाला जपायची?

लिंग नपुंसक, 'प्रथिन'प्रमाणे : ते युबिक्विटिन. सामान्यरूप मात्र 'इन्सुलिनचे' या धर्तीवर 'युबिक्विटिनचे' असेच ठेवावे. 'युबिक्विटिनाचे' व्याकरणात बसते, बोलण्यात बसत नाही.