रद्द झालेल्या आय-130 साठी कोर्टात 18 हजार डॉलर घालावेत का?

प्रश्न थोडक्यात: मी अमेरिकी नागरिक, न्यू जर्सीत राहतो. पत्नीसाठी भरलेली आय-130 पिटिशन (नातलगाला ग्रीन कार्ड मिळावं म्हणून भरायचा पहिला अर्ज) मंजूर झाली होती. तिचं आधीचं, दुसऱ्या अमेरिकी नागरिकाशी झालेलं लग्न ग्रीन कार्डपुरतं होतं असं ठरवून यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, गेल्या आठवड्यात ती रद्द केली. फेडरल कोर्टात दाव्यासाठी वकील 18,000 डॉलर सांगतात. 401(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून काढू, की सांगलीचा फ्लॅट विकू?

उत्तर: या दाव्यासाठी दोन्हींना हात लावू नका. 10 डिसेंबर 2024 ला ‘बुआर्फा विरुद्ध मायोर्कस’ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं, की मंजूर पिटिशन रद्द करणं हा खात्याचा स्वेच्छाधिकार आहे आणि त्यात कोर्टाला लक्ष घालता येत नाही. तिथेही आरोप आधीच्या खोट्या लग्नाचाच होता. न्यू जर्सी ज्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाच्या हद्दीत येते, तिथे तर 2006 पासून हीच भूमिका आहे. म्हणजे तुमचे पुरावे कोणी वाचण्याआधीच दावा ‘कोर्टाला अधिकारच नाही’ म्हणून फेटाळला जाण्याची दाट शक्यता आहे, आणि फी परत मिळत नाही. वकिलांना लेखी विचारा: बुआर्फानंतर हा दावा कोणत्या मुद्द्यावर टिकेल?

खरा रस्ता त्याच निकालपत्रात आहे. नवी आय-130 भरायला बंदी नाही. खोट्या लग्नाचा निष्कर्ष काढून ती नाकारली, तर त्या नकाराला कोर्टात आव्हान देता येतं, कारण तसा निष्कर्ष निघाल्यावर नाकारणं खात्यावर बंधनकारक असतं. तिथे मर्जीचा प्रश्न उरत नाही. 1 एप्रिल 2024 च्या दरांनुसार फी कागदी अर्जाला 675, ऑनलाइनला 625 डॉलर.

मात्र आधी नोटिशीवरची तारीख पाहा. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे (खात्याच्या अशा निर्णयांवरची अपिलं ऐकणारं सरकारी मंडळ) अपिलाची मुदत पिटिशन नाकारली तर 30 दिवस असते, रद्द केली तर फक्त 15. नोटीस टपालाने आली असेल तर आणखी 3. इथे फार लोक चुकतात. 2025 च्या कायद्याने या अपिलाच्या 110 डॉलर फीवर आणखी 900 डॉलर लागले, म्हणजे एकूण 1,010 झाले. भरताना चालू आकडा तपासा.

वकिलाचा पैसा नव्या पिटिशनच्या फायलीवर घाला. पुढे कोर्टात गेलात तरी न्यायाधीश खात्यापुढे असलेलीच कागदपत्रं पाहतात, नवा पुरावा सहसा घेत नाहीत. म्हणून पहिल्या लग्नाच्या काळातला भाडेकरार, संयुक्त टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, विम्यातलं नॉमिनेशन, शेजाऱ्यांची शपथपत्रं आत्ताच जोडा. अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली पत्नीची संपूर्ण फाइल खात्याकडून मागवा. पूर्वीच्या नवऱ्याचा जबाब असेल, तर त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर द्या. हे नीट करायलाच हवं, कारण खोट्या लग्नाचा शिक्का कायमचा असतो आणि त्यावर माफी नाही. जिंकलात तरी कोर्ट सहसा ग्रीन कार्ड देत नाही, प्रकरण फेरविचारासाठी खात्याकडे परत पाठवतं. तेवढा काळ पुरेल असा पैसा हवा.

401(के) चं गणित बघा. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलंत तर 10 टक्के दंड आणि आयकर. 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 18,000 हातात यायला साधारण 26,500 काढावे लागतील. राज्याचा कर वेगळा. त्यापेक्षा योजनेतून कर्ज बरं, पण नोकरी सुटली तर ते लवकर फेडावं लागतं. रॉथ आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात स्वतः भरलेली मुद्दल मात्र कर आणि दंड दोन्हींविना निघते, म्हणून आधी ती.

किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, तोही एकाच पगाराच्या हिशोबाने. पत्नीचं वर्क परमिट ग्रीन कार्डच्या प्रलंबित अर्जावर असेल, तर अर्जासोबत तेही जाऊ शकतं. फेब्रुवारी 2025 च्या धोरणानुसार, वैध मुक्कामाचा आधार नसलेल्या व्यक्तीचा अर्ज नाकारल्यावर हद्दपारीची नोटीस निघू शकते. त्या बचावाचा वकीलखर्च वेगळा.

फ्लॅट पुढे विकावाच लागला, तर अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस नफ्यावर नाही, पूर्ण विक्री किमतीवर कापला जातो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी घ्या, नाहीतर रक्कम रिफंड येईपर्यंत अडकेल.