चंद्र रोज उशिरा का येतो?

प्रश्न: ताई, सगळे म्हणतात निसर्गात जा, शांत वाटेल. पण मला सुट्टीच मिळत नाही, आणि खिडकीत बसले तरी दोन मिनिटांत हात मोबाईलकडे जातो. काय करू?

उत्तर: अगं, त्यासाठी डोंगरच चढायला हवा असं थोडीच आहे! पौर्णिमेपासून चार दिवस चंद्र कधी उगवतो तेवढंच बघ, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, कारण पृथ्वीची एक गिरकी होईपर्यंत तोही पुढे सरकलेला असतो, मग तिला अजून थोडं फिरावं लागतं. वाचलेलं वेगळं आणि स्वतः घड्याळ बघून पकडलेलं वेगळं, मी तर येड्यासारखी हसले होते. मोबाईलकडे हात गेला तर जाऊ दे, वेळ बघ आणि ठेव.