पुस्तकात तेच तेच शब्द परत येतात, ते पाठ करायचे का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, मराठी मिडियम. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात तीन-चार शब्दांचे ठरावीक गट सारखे येतात. हे पाठ करून घेऊ की सुट्या शब्दांचे अर्थच करून घेऊ?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, गटच करून घ्या, पण सगळे नाही. इंग्रजी बोलणारा माणूस दर वेळी एकेक शब्द जुळवत बसत नाही, तयार तुकडे वापरतो. १९९९ साली डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांचं इंग्रजी व्याकरणाचं मोठं पुस्तक आलं, त्यांनी खरंखुरं बोलणं आणि लिखाण कॉम्प्युटरवर मोजलं तर बोलण्यातले जवळजवळ ३० टक्के शब्द अशा परत परत येणाऱ्या गटांतलेच निघाले. त्यांची अट अशी की गट दहा लाख शब्दांत निदान १० वेळा यायला हवा आणि तोही कमीत कमी ५ वेगवेगळ्या मजकुरांत, आणि ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे कारण हत्तीच्या धड्यात 'द एलिफन्ट अँड द' वीस वेळा आलं तरी ते त्या धड्यापुरतंच असतं.

आता पुस्तक उघडा. 'लुक ॲट द पिक्चर', 'फिल इन द ब्लँक्स' हे पानोपानी दिसेल, पण त्या स्वाध्यायाच्या सूचना आहेत, मुलीला समजल्या की झालं. तोंडात बसवायचे ते 'डू यू वॉन्ट टू', 'आय डोन्ट नो व्हॉट' असले, आणि मला वाटतं नेमके हेच पुस्तकात कमी पडतात, म्हणून संवादाचे धडे अजिबात गाळू नका.

यातले बरेचसे गट अर्धवट असतात, पुढचं आपण जोडायचं. म्हणून नुसती घोकंपट्टी नको, 'डू यू वॉन्ट टू' तुम्ही म्हणा आणि पुढचं तिला बोलू द्या : ईट पोहे, गो होम, प्ले कॅरम, काहीही चालेल, फक्त सुरुवातीचे चार शब्द न अडखळता एका दमात आले पाहिजेत. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरोल्ड पामरनी असे हजारो शब्दगट गोळा करून १९३३ साली टोकियोत छापले होते, त्यांचंही म्हणणं हेच की गट अख्खाच शिकायचा, तोडून नाही.

आणि 'ऑन द अदर हॅन्ड', 'ॲज अ रिझल्ट ऑफ' हे मुख्यतः लिखाणातले, ते नववी-दहावीत निबंधाच्या वेळी घ्या, आत्ता घाई नको.