शर्टाच्या खिशातलं पत्र

प्रश्न : माझा मुलगा २५ वर्षांचा आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून वर्षभरापासून बिघडलेल्या, अडचणीतल्या किशोरवयीन मुलांच्या निवासी संस्थेत नोकरी करतो. कपडे धुवायला काढताना त्याच्या खिशात संस्थेचं पत्र सापडलं. एका मुलाने अंगावर थाळी भिरकावली, तेव्हा याने त्याचं मनगट धरलं आणि त्याच्यावर ओरडला, म्हणून 'राग आणि ताण व्यवस्थापन' प्रशिक्षणाला हजर राहा, असं त्यात लिहिलंय. माझा मुलगा तापट नाही हो! हा डाग पुसायचा कसा? त्याने राजीनामा देऊन बँकेच्या परीक्षांना बसावं, असं मला वाटतं. तोवर जिमला जा, उशीवर गुद्दे मार, राग बाहेर काढ, असं त्याला सांगणार आहे. त्याच्या बाबांना अजून बोलले नाही. तुम्हीच त्याला फोन करून समजावा. – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा थाळीपाशी अडखळलो, दुसऱ्यांदा खिशापाशी. मुलाने घडी घालून ठेवलेलं पत्र तुम्ही वाचलंत, मला कळवलंत, आता मी त्याला फोन करायचा. या सगळ्यात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. थाळी अंगावर आली तेव्हा त्याला काय वाटलं, त्या रात्री त्याला झोप लागली का, दुसऱ्या दिवशी तो मुलगा समोर आल्यावर दोघं काय बोलले, यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही, कारण तुम्ही विचारलेलंच नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाचा राजीनामा त्याच्या पाठीमागे ठरवण्यात मी हातभार लावणार नाही. तेव्हा फोन काही मी करणार नाही. राग आला तर येऊ द्या.

एक गोष्ट मात्र तुमच्या ध्यानात आणून देतो. ज्या मुलांमध्ये तो दिवसभर वावरतो, त्यांच्या आयुष्याचे निर्णय नेहमी दुसऱ्याच कुणीतरी घेतलेले असतात, तेही त्यांना न विचारता. त्यांच्या भडक्याचं हे एक मोठं कारण असतं. पाळी संपवून तो घरी येतो, तर इथेही तेच!

आता त्या प्रशिक्षणाबद्दल. 'माझा मुलगा तापट नाही' असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंच असणार. हे प्रशिक्षण तापट माणसांसाठी असतं, हा समजच मुळात चुकीचा. रेमंड नोव्हाको या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात राग आवरण्याची एक पद्धत बसवली आणि ती पोलिसांच्या प्रशिक्षणासाठीही मांडली. पोलीस तापट असतात म्हणून नव्हे, त्यांना रोज डिवचलं जातं म्हणून. कल्पना लसीसारखी आहे. खोटी खोटी चिथावणी थोड्या थोड्या मात्रेत द्यायची आणि खरी वेळ येण्याआधी मन आणि शरीर तयार करून ठेवायचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खास निवासी संस्थांतल्या कर्मचाऱ्यांसाठी असाच कार्यक्रम तयार केला. त्यात प्रसंग पेटत असताना स्वतःलाच चार प्रश्न विचारायला शिकवतात. मला आत्ता काय होतंय? या मुलाला काय वाटतंय, काय हवंय? आजूबाजूच्या परिस्थितीचा त्याच्यावर काय परिणाम होतोय? आणि मग, मी आता काय केलं तर बरं? वाचायला दहा सेकंद लागतात. अंगावर डाळ सांडलेली असताना पहिल्या प्रश्नापर्यंत पोचायला मात्र महिनोन्महिने सराव लागतो.

बाकी शिकवतात त्या गोष्टी अगदी साध्या वाटतील. मुलाच्या समोर छाती काढून उभं राहायचं नाही, जरा तिरकं उभं राहायचं. दार अडवायचं नाही. बघ्या मुलांना आधी बाहेर काढायचं, कारण प्रेक्षकांसमोर माघार घेणं कुठल्याच पोराला जमत नाही. आवाज खाली, वाक्यं छोटी. आपला जबडा आवळला गेलाय, कान गरम झालेत, हे ओळखायचं आणि सहकाऱ्याला 'आता तू बघ' म्हणायचं. हे म्हणण्यात कमीपणा नाही, हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अशाच एका संस्थेत मी गेलो होतो, तेव्हा एक पोरगा मला म्हणाला, 'सरांच्या किल्ल्यांच्या आवाजावरून आम्हाला कळतं आज काय होणार ते.' सरांना स्वतःला ते कळत होतं की नाही, कोण जाणे.

मनगट धरणं चूकच होतं, ताई. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना मोठ्यांनी आधी कधीतरी असंच पकडलेलं असतं, आणि मग ते पुढे काय करत, हे पोर विसरलेलं नसतं. जिवाला धोका असल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम त्यातूनच आलाय. तुमचा मुलगा वाईट आहे, असा याचा अर्थ काढू नका. त्याला वर्षभर हे न शिकवता पाळीवर उभं केलं असेल, तर त्यात संस्थेचा वाटा मोठा आहे.

उशीवर गुद्दे मारण्याचा सल्ला मात्र कृपा करून देऊ नका. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली की मोकळं, असं आपण सगळेच धरून चालतो. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे तपासलं. ज्याने राग आणला त्याला आठवत पंचिंग बॅगवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. पुढे २०२४ मध्ये त्यांनी संशोधक सोफी क्यारविक यांच्यासोबत १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात श्वास, ध्यान, शिथिलीकरण अशा शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होताना दिसला. शरीर तापवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग दिसला नाही, आणि नुसतं धावण्याने तर राग वाढलाच. तब्येतीसाठी जिमला जरूर जाऊ दे. रागावरचा तो उतारा नव्हे, एवढंच.

डागाचं म्हणाल, तर या क्षेत्रात नोकरी देणारा नेमकं हेच विचारतो, 'प्रसंग हाताबाहेर गेला तेव्हा काय केलंत आणि त्यातून काय शिकलात?' ज्याला कधी रागच आला नाही म्हणे, त्याला मी तरी रात्रपाळीवर एकटा ठेवणार नाही.

माझी शंका वेगळीच आहे. दुपारचं एक व्याख्यान, पाच मिनिटं दीर्घ श्वसन आणि शेवटी प्रमाणपत्र, असं ते प्रशिक्षण असेल, तर संस्था अंग झटकतेय. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाने पार थकून, विटून जाण्याची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही. नीट न हाताळलेल्या, कामावरच्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. म्हणून त्याने तिथे विचारावं, रात्रपाळीला किती मुलांमागे किती माणसं असतात? घटना घडल्यावर कर्मचाऱ्याशी कोण बसून बोलतं, आणि त्या मुलाशी कोण? दर महिन्याला वरिष्ठ वेळ देतात की चूक झाल्यावरच बोलावतात? सलग किती रात्रपाळ्या लावतात? उत्तरं गोलमोल आली तर संस्था बदलायचा विचार त्याने खुशाल करावा. क्षेत्र बदलण्याची घाई नको.

बँकेच्या परीक्षा चांगल्याच असतात, त्याला त्या द्याव्याशा वाटल्या तर. काउंटरवरही माणसं ओरडतात, तेही लक्षात असू द्या.

आज तो घरी आला की आधी जेवू दे, झोपू दे. मग सांगा, 'तुझ्या खिशातलं पत्र मी वाचलं, न विचारता वाचलं.' एवढंच सांगून थांबा, नोकरी सोडण्याचा विषय काढू नका. बाबांना कधी आणि काय सांगायचं, ते त्याला ठरवू द्या. आणि मला पुढचं पत्र लिहायचं झालं तर ते त्याने लिहावं. रात्रपाळीमुळे उशीर झाला तरी चालेल.