पायांकडं बघून वाजव

बाळ,

तुझा अकॉर्डियन वाजवतानाचा व्हिडिओ बघितला. चारदा बघितला, मग तुझ्या काकूला पण दाखवला, ती म्हणाली पोरगी छान वाजवायलीय पण एवढी रागावल्यासारखी का दिसायलीय. रागावलेली नाहीस हे मला माहीत आहे, तू उजव्या हाताच्या पट्ट्यांकडं बघायलीस, मान वाकडी करून, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. पाठीमागं सोळा पोरं-पोरी लेझीम घेऊन नाचतायत आणि त्यातल्या एकाकडं पण तुझी नजर गेलेली नाही. बाकी सगळं नंतर, आधी हे सांगतो, कारण ऑगस्टमधल्या युरोपातल्या लोकनृत्य फेस्टिवलला फार दिवस नाहीत.

लेझमीचा आवाज नीट ऐकलायस का कधी? म्हणजे गर्दीत नाही, एकच माणूस एकच लेझीम घेऊन उभा असताना. साखळी ताणली की चकत्या 'छन्' करतात, मिटली की 'छक्' होतं, आणि त्या दोन्हीच्या मधे एक बारीक रिकामी जागा असते. पोरगं उभ्यानं खेळत असेल तर ती जागा लहान, वाकून पायाखालून काढत असेल तर तीच जागा मोठी. हलगीवाल्याला हे कळतं कारण तो समोर बघत असतो. तुला कळत नाही कारण तू पट्ट्या बघत असतेस, आणि मग व्हिडिओत दोन मिनिटांच्या आसपास जे झालंय ते होतं, पोरं वाकलीत, अजून उठायचीत, आणि तुझी ओळ पुढं पळालीय. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, त्याला एवढंच वाटेल की नाच जरा ढिला आहे. दोष पोरांवर जाईल.

मी हेच केलं होतं गं, आणि तुझ्याहून वाईट केलं होतं. मी ऑर्केस्ट्रातून आलेला माणूस. गणपतीत रात्री स्टेज, गळ्यात पेटी म्हणजे हीच अकॉर्डियन, समोर शिट्ट्या, त्यामुळं हात सारखा शिवशिवायचा. पहिल्यांदा टीमबरोबर बाहेर गेलो तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी एक हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, मधे रिकामी जागा दिसली की तिथं पण एक हरकत. खाली उतरल्यावर आमचा लेझीमचा म्होरक्या, खानापूरकडचा शेतकरी माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, मास्तर, तुम्ही मधे बोलू नका की, आमचं चुकतंय. बस. राग आला तेव्हा. रात्री झोपताना पटलं.

तर रोज अर्धा तास पट्ट्यांकडं न बघता वाजवायचं. आईला सांग समोर फुगडी घाल म्हणून, नाहीतर धाकट्या भावाला पळव, पण कुणाचेतरी पाय बघ. आणि भाता बदलायचा तो लेझीम मिटते तिथं. ओळीच्या मधेच हवा संपली म्हणून भाता उलटा फिरवलास तर तो झटका नाचणाऱ्याला गुडघ्यात कळतो.

आता डावा हात. एकशेवीस बटणं दिसली की वाटतं सगळी वाजवायलाच पाहिजेत, नको. ती सहा रांगांत वीस-वीस अशी असतात, दोन रांगा सुट्या सुरांच्या आणि चार रांगा कॉर्डच्या, म्हणजे एका बटणात एकदम बरेच सूर, मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. त्या चार रांगांना आपल्या झिम्म्याच्या आणि ओवीच्या चालीत काय काम नाही. मेजर दाबलास तर त्यात शुद्ध गंधार आपोआप येतो, आणि वर गाणाऱ्या बाया कोमल लावत असल्या तर दोन गंधार एकमेकांच्या उरावर बसतात. तू फक्त सा आणि प धर. तुमच्या बाया काळी चारमधे, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात ना? मग सी-चं खळगीवालं बटण बोटानं चाचप, तिथून जमिनीच्या दिशेनं चौथं बटण तुझा सा, आणि त्याच्या लगेच वरचं, हनुवटीच्या बाजूचं, तुझा प. शेजारीशेजारी ठेवलेत बघ बिचाऱ्यांनी, कारण डावीकडची सगळी मांडणीच सा-प, सा-प अशी चढत जाते. दोन बटणांवर अख्खा झिम्मा निघतो. आणि स्विच बदल, तू दोन-तीन रीड, म्हणजे आवाज देणाऱ्या आतल्या पात्या, एकदम चालू ठेवून वाजवायलीस. त्या रीड मुद्दाम एकमेकींपासून किंचित हलवून लावलेल्या असतात, त्यानं ती थरथर येते, फ्रेंच वाल्ट्झला ती गोड लागते पण गळ्याबरोबर बेसूर. गोलात मधल्या घरात एकच ठिपका असलेलं स्विच दाब.

तू विचारलंयस की लोक म्हणतायत अकॉर्डियन हे आपलं वाद्यच नाही, मग लोकनृत्याबरोबर कसं चालेल. प्रश्न बरोबर आहे, हसण्यावारी नेऊ नको. १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियननं या नावाचं पेटंट घेतलं, म्हणजे वाद्य तिकडचंच. पण भजनातली पेटी तरी कुठली? पॅरिसच्या देबँनं १८४२ मधे हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ती पायानं चालवायची, आपल्याकडं कलकत्त्यात ती जमिनीवर बसून हातानं वाजवायची झाली, आणि आता पेटीशिवाय भजन म्हटलं तर म्हातारी माणसं विचारतील पेटी का नाही. आणि आकाशवाणीनं १९४० पासून कितीतरी वर्षं तिला बाहेर ठेवलं होतं, हे पण खरंच. तेव्हा आपलं-परकं हे वाजवून वाजवून ठरतं, पण त्याला वेळ लागतो, आणि अकॉर्डियनचा तेवढा वेळ आपल्याकडं झालेला नाही, हे मान्य करून चाल. पोलंडमधे झाकोपानेला १९६८ पासून डोंगरी भागातल्या लोककलांचा फेस्टिवल होतो, तिथल्या डोंगरी लोकांचं पारंपरिक संगीत फिडल आणि तीन तारांच्या बासवर चालतं, आणि तिथले जुने जाणकार पण अकॉर्डियनला उपराच मानतात. म्हणजे युरोपातच युरोपातल्या वाद्यावरून भांडण आहे, तू एकटी नाहीस.

फॉर्म भरताना मात्र खोटं लिहू नका. या फेस्टिवलवाल्यांची एक मोठी जागतिक संघटना आहे, सिऑफ, १९७० मधे फ्रान्सच्या कॉनफोलाँ गावात सुरू झाली, त्यांच्याकडं टीमचे साधारण तीन प्रकार मानतात, जसं गावात नाचतात तसं, थोडं बसवलेलं, आणि पूर्ण स्टेजसाठी रचलेलं. तुमच्या टीममधे लेझीम आहे, करडी मजल म्हणजे उत्तर कर्नाटकातलं करडी ढोलाचं वादन आहे, झिम्मा आहे आणि वर अकॉर्डियन, तर तुम्ही मधल्यात. पहिल्यात लिहिलंत आणि तुझ्या गळ्यात ती लालभडक चमकणारी पेटी दिसली तर एखादा म्हातारा तज्ञ हमखास उठून विचारणार. मधल्यात लिहिलंत तर तोच म्हातारा येऊन तुझी पेटी हातात घेऊन बघेल. आणि संगीत जिवंत पाहिजे, ट्रॅक लावून नाचायचा विचार कुणी करत असेल तर आत्ताच मोडून काढा.

करडी मजलवाली पोरं कन्नड आणि लेझीमवाली मराठी म्हणून परिचय कुठल्या भाषेत लिहायचा यावर तुमचं भांडण झालं असं ऐकलं. तिकडं निवेदक तुमच्या नावावर वीस सेकंद देईल. त्यात बेळगाव म्हण, दोन्ही भाषांची पोरं आहेत म्हण, आणि सुरू करा. इथल्या जत्रेत करडी वाजायला लागली की कोण कुठल्या घरचा ते विचारतं कोण.

आता हलगीची गोष्ट, हसू नको. तिकडं ऑगस्टमधे पण संध्याकाळी पाऊस आणि गारठा, कातडं सैल पडतं, हलगी 'भद्' वाजते. इथं आपण काटक्या-कागद पेटवून शेकतो. आम्ही शाळेच्या एका वसतिगृहात उतरलेलो, मी शहाणा, बाथरूमचं दार लावून बादलीत पेपर पेटवला, म्हटलं पाच मिनिटांत होईल. दोन मिनिटांत अख्ख्या इमारतीत भोंगा सुरू. ब्राझीलची टीम, सर्बियाची टीम, सगळे रात्रीच्या कपड्यात खाली मैदानात, आणि फायर ब्रिगेडची गाडी, आणि मी हातात हलगी घेऊन उभा. दंड झाला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी सर्बियाच्या एका बाईनं हसत हसत स्वतःचा हेअर ड्रायर आणून दिला आणि तेव्हापासून आम्ही हलगी ड्रायरनंच शेकतो, मागच्या बाजूनं, वीतभर अंतरावरून, सारखा हलवत ठेवून. बॅगेत ड्रायर टाक आणि तिकडच्या प्लगचा अडॅप्टर पण.

पेटीचं बोलतो. एकशेवीस बेसची दहा-बारा किलो भरते, आणि प्रत्येक फेस्टिवलला एक मिरवणूक असते, दगडी फरशीच्या रस्त्यावरून, चढ-उतार, नाचत वाजवत. तुझं वजन किती आणि पेटीचं किती. अठ्ठेचाळीस बेसची कुणाकडून मिळाली तर घे, सव्वीस पट्ट्यांची, वजन जवळजवळ निम्मं, आणि आपल्या चाली दीड सप्तकाच्या बाहेर जातात कुठं? फक्त डावीकडं तुझ्या सा-चं बटण तिच्यात आहे का ते आधी बघ. विमानात पेटी सामानात देऊ नको. केबिनचं वजन सात किलो म्हणतात, आधी फोन करून लेखी उत्तर घे. आमच्यातल्या एकानं साध्या कव्हरमधे घालून खाली दिली होती, वर पट्ट्याचं बक्कल नीट लावलेलं नव्हतं, तिकडं उघडली तर भात्याची एक घडी कोपऱ्यातून फाटलेली, दहा दिवस तो सेलोटेप लावून वाजवत होता. लेझमी आणि घुंगरं मात्र खालीच जाऊ देत, त्या साखळ्या बघून सिक्युरिटीवाला हातात घेऊन जाऊ देणार नाही. आणि फेट्याला मोरपीस नको, देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

पावसाळ्यात पेटी कॉटखाली ठेवू नको, तुझ्याकडं खानापूरला भिंतीतून पाणी येतं. वाजवताना जशी उभी असते तशीच उभी ठेव, आत रीडवर चामड्याच्या बारीक पट्ट्या असतात त्या आडवी ठेवून लोंबतात मग सूर उशिरा उठतो. भाता मिटताना हवेचं बटण दाबून मीट. आणि उन्हात गाडीत तर अजिबात नाही. रीड मेणानं चिकटवलेल्या असतात, मेण आणि राळ. मी मे महिन्यात निपाणीला एका लग्नात जेवायला बसलो आणि पेटी गाडीच्या डिकीत, परत आलो तर मध्य सप्तकातला ध गेलेला आणि आत काहीतरी खुळखुळ वाजतंय.

पासपोर्टची नावं आज तपास, उद्या नाही. आपल्याकडं जुन्या दाखल्यावर बेळगाव, २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी, शाळेचा दाखला कन्नडमधून इंग्रजीत गेलेला, त्यात परशुरामसारख्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. शेंगेन व्हिसाला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर कमीत कमी तीन महिने चालू पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत, तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स पाहिजे. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. आमच्या वेळी एका एजंटवर सोडलं होतं आणि निघायच्या चार दिवस आधी कळलं की संबळवाल्याचा अर्ज गेलाच नाही. संबळ न घेता गेलो. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

एक गोष्ट मात्र मजेची आहे, ती चुकवू नको. कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या हॉलमधे सगळ्या देशांचे पेटीवाले आपोआप एका टेबलावर येतात. भाषा कुणाची कुणाला कळत नाही. मी एकदा एका बल्गेरियन म्हाताऱ्यासमोर बसलो, बटणांची पेटी त्याची, त्यानं काहीतरी सुरू केलं आणि मी सवयीनं टेबलावर ताल धरला, मोजतो तर सात. म्हटलं हा तर रूपक. पण बसेना. आपला रूपक तीन-दोन-दोन, त्यांची रचेनित्सा, म्हणजे बल्गेरियाचा एक नाच, दोन-दोन-तीन, लांब पाऊल शेवटी. मी त्याला टेबलावर आपला ठेका दाखवला, त्यानं मान हलवली, मग त्यानं माझा हात धरून त्याचा ठेका माझ्या बोटांनी वाजवून घेतला. शेवटी दोघं एकाच वेळी आपापला वाजवायला लागलो, सम कधी कुठं कधी कुठं, आणि आमचा हलगीवाला मधे घुसला आणि त्यानं दोन्ही एकत्र बांधून टाकले, कसे ते मला अजून सांगता येत नाही. रात्री दोनला हॉलवाल्यानं दिवे घालवले तेव्हा उठलो. तर जायच्या आधी रूपक हातात पक्का करून जा, आणि स्वतःची एक सोपी चाल ठेव, चार ओळींची, जी दुसऱ्याला पाच मिनिटांत शिकवता येईल. जात्यावरच्या ओवीची ठेव. सिनेमातली नको, ती त्यांना आधीच येत असते.

रविवारी दुपारी ये. व्हिडिओत तिसऱ्या ओळीला एक पट्टी दाबल्यावर वर यायला उशीर करतेय, खाली फेल्ट गेलं असणार, माझ्याकडं तुकडा आहे, बसवू. येताना हलगीवाल्या पोराला घेऊन ये, त्याच्याशिवाय तुझी नजर कुठं जाते ते मला बघता येणार नाही. बसनं ये, पेटी मांडीवर घे. काकूनं कुंदा आणून ठेवायचं कबूल केलंय.

तुझा,
पेटीवाला काका