शरणपूरचं चर्च बघायला जायचंय, काय काय बघू?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सिडकोत राहतो. माझी मावसबहीण आणि तिचा आठवीतला मुलगा सोलापूरहून दोन दिवस येतायत. पोराला शाळेत जुन्या वास्तूंवर प्रोजेक्ट आहे आणि त्याला एखादं चर्च बघायचंय. शरणपूर रोडचं चर्च खरंच बघण्यासारखं आहे का, आपण ख्रिस्ती नाही तर आत गेलेलं चालतं का, आणि त्याच दिवशी अजून काय काय होईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चालतं, अगदी बिनधास्त जा. शक्यतो रविवारी सकाळीच जा, कारण सेंट अँड्र्यूज चर्च हे रोजच्या वापरातलं प्रार्थनास्थळ आहे, इतर दिवशी दार बंद दिसलं की लोक गेटवरूनच फोटो काढून परत येतात. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, प्रभुभोजनाच्या वेळी (भाकर आणि द्राक्षरस वाटतात तेव्हा) जागेवरच बसून राहिलात तरी कुणाला काही वाटत नाही. चपला काढायला लागत नाहीत, फोन तेवढा सायलेंटवर टाका, आणि फोटो काढायचे तर सगळं संपल्यावर पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, विचारून. विचारलंत की माहितीपण मिळते, पोराच्या प्रोजेक्टला तीच जास्त कामाची.

पण त्याला नुसती कमान आणि खिडक्या दाखवून आणू नका हो. आधी त्याला विचारा की ह्या भागाचं नाव शरणपूर का. मी ह्याच रोडवरून दहा वर्षं शाळेत गेले आणि मला कुणीच सांगितलं नाही, कळलं ते पार नोकरीला लागल्यावर, आणि त्या दिवशी मी खूप हळहळले. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी इथे वस्ती उभी केली. त्या काळी अरबी समुद्रात गुलामांची जहाजं चालायची, इंग्रजांचं आरमार ती पकडून आफ्रिकेतली पोरं सोडवायचं आणि मुंबईला आणायचं, आणि त्यातली बरीचशी पोरं नाशिकला शरणपुरात आली. इथे ती लिहाय-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांना 'नासिक बॉइज' म्हणायचे. आफ्रिका धुंडाळणारा प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 मध्ये आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर इथली नऊ पोरं होती. 1873 मध्ये तो तिकडेच वारला, तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. मग महिनोन्महिने चालत त्या लोकांनी त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेला, जेकब बोटीने त्याच्यासोबत इंग्लंडला गेला, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी चर्चमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता! पुढे 1875 मध्ये केनियातल्या मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं, त्यातही इथून गेलेली माणसं होती. ह्याच रोडवरच्या आपल्या कॅनडा कॉर्नर चौकाच्या गर्दीत उभं राहून हे आठवलं की मला अजून भरून येतं.

चर्च झालं की मिसळ खा (पापड, दही घेऊन, पोराला रस्सा कमी घाला) आणि रिक्षाने पंचवटीत जा, स्वतःची गाडी नका नेऊ, पार्किंगला जीव जातो. काळाराम मंदिर दाखवा पण तिथेही नुसतं दर्शन नको, 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ह्याच दारात सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड सोबत होते, आणि तो पाच वर्षं चालला. एका सकाळी शरणपूर आणि लगेच काळारामचं दार बघितलं की कुणाला आत घेतात आणि कुणाला बाहेर ठेवतात हे आठवीच्या मुलाला आपोआप कळतं, माझ्या भाच्याला कळलं होतं, त्याने घरी येऊन एवढे प्रश्न विचारले की आम्ही सगळे कामाला लागलो. रामकुंड, सीतागुंफा तिथेच आहेत, जाता जाता होतील. पांडवलेणी त्याच दिवशी नका कोंबू, 24 लेणी आहेत आणि चढण आहे, दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत जा.

प्रश्न : बाळ येशूचं चर्च म्हणजे हेच का?

उत्तर : नाही, ते नाशिकरोडला पुणे हायवेवर, आणि ते कॅथलिक, तिथे उपासना नाही मिस्सा म्हणतात. यात्रा फेब्रुवारीत असते, तेव्हा मुंबई-वसईकडून प्रचंड लोक येतात, नवस बोलायला सगळ्याच धर्मांचे. शांतपणे बघायचं तर यात्रेचे दोन दिवस सोडून जा, आणि त्या शनिवार-रविवारी स्टेशन गाठायचं असेल तर घरातून तासभर आधीच निघा.