नाताळची घरची रीत कुठून सुरू करावी आणि हाताने केलेली भेट कुणाला द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ६ आणि ११ वर्षांची दोन मुलं. नाताळला दरवर्षी दुकानातून भेटी येतात, पाच मिनिटांत कागद फाडून होतात आणि सण संपतो. आपल्या घराची म्हणावी अशी एखादी रीत सुरू करायची आहे, भेटीही हाताने करायच्या आहेत, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही. शिवाय घरी केलेली वस्तू मोठ्या माणसांना हलकी वाटेल की काय, ही धास्ती आहेच.

मी तर म्हणेन, रीत आणि भेट यांचा वेगवेगळा विचारच करू नका. एकमेकांसाठी हाताने काहीतरी करणं हीच तुमच्या घरची रीत होऊ द्या. त्यासाठी चिठ्ठ्या टाका. घरातल्या प्रत्येकाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहायचं, भांड्यात घालून ढवळायचं आणि प्रत्येकाने एक उचलायची. स्वतःचंच नाव आलं तर परत टाकायची. ज्याचं नाव हातात आलं त्याच्यासाठी एकच वस्तू करायची आणि कुणासाठी करतोय ते नाताळपर्यंत फोडायचं नाही. चौघांच्या घरात प्रत्येकाने प्रत्येकाला म्हटलं तर १२ भेटी होतात आणि आजी-आजोबा धरले तर ३०. एवढं कुणाच्याच हातून होत नाही. मग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईच रात्री जागून सगळं उरकत बसते. चिठ्ठीने प्रत्येकाच्या वाट्याला एकच काम येतं आणि ते नीट करायला वेळही मिळतो.

चिठ्ठ्या उचलायला आगमनकाळाचा (ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळची वाट बघण्याच्या काळाचा) पहिला रविवार धरा. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजले की तो येतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान. तिथून २५ तारखेपर्यंत तीन आठवड्यांहून थोडा जास्तच वेळ हातात असतो. हाताच्या कामाला तेवढा लागतो, आणि ६ वर्षांच्या मुलाचं गुपित त्याहून जास्त टिकतही नाही.

हे चार रविवार तुम्हाला आयतेच मिळालेत, ते वापरा. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे एक धर्मशास्त्रज्ञ गरीब मुलांसाठी घर चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं रोज विचारायची. तेव्हा त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं. त्यावर रोजच्यासाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. आज अनेक ख्रिस्ती घरांत दिसणारं, पानांनी सजवलेलं चार मेणबत्त्यांचं चक्र तिथून आलं. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात मुलांना गप्प बसवलेलं नाही, त्यांच्या वाट बघण्यालाच काम दिलंय. तुमच्या घरीही दर रविवारी संध्याकाळी एकेक मेणबत्ती जास्त लावत जा, ती जळतेय तोवर सगळ्यांनी एकाच टेबलावर आपापलं काम करा आणि विझवली की आवरा. अर्धा-पाऊण तास पुरतो. चक्राला सुकी पानं असतील तर ज्योतीपासून लांब ठेवा आणि मुलं एकटी असताना पेटवू नका.

आता काय करायचं ते. बहुतेक लोक इथे उलट्या बाजूने निघतात. एखादी सुंदर वस्तू कुठेतरी बघतात, ती करायला घेतात आणि मग कुणाला द्यायची ते शोधतात. आधी माणूस बघा. ज्याची चिठ्ठी आली तो सकाळपासून रात्रीपर्यंत कशाला हात लावतो, काय शोधत असतो, त्याचं काय तुटलंय? भेट तिथेच सापडते. तुमच्या ११ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आठवडाभर नुसतं त्या माणसाकडे लक्ष द्यायला सांगा. माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, कारण घरातलं माणूस इतक्या बारकाईने आपण एरवी कधी बघतो?

दुरुस्ती हीसुद्धा हाताने केलेली भेटच, आणि तिचा विचार फार कमी लोक करतात. बाहुलीचा उसवलेला हात शिवून दिला, पानं सुटलेल्या आवडत्या पुस्तकाला नवा कणा चिकटवला, आजोबांच्या चष्म्याच्या घराला आतून मऊ कापड लावून दिलं, तर ते नव्या वस्तूपेक्षा जास्त मनाला भिडतं. आपली जुनी गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली, हे घेणाऱ्याला लगेच कळतं.

६ वर्षांच्या मुलाला टांगायच्या शोभेच्या वस्तू करायला मिठाची कणीक उत्तम. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला. पीठ हाताला चिकटायचं थांबलं की पुरे. मग दहा मिनिटं चांगलं मळा, नाहीतर वाळताना भेगा पडतात. पोळीपेक्षा जाड लाटायचं, अर्धा सेंटिमीटर तरी, आणि चांदण्या, घंटा किंवा नुसते गोल कापायचे. ओवायचं भोक भाजण्याआधीच स्ट्रॉने पाडायचं, आणि काठापासून जरा आत, कारण काठाला लागून पाडलेलं भोक पहिल्याच वर्षी तुटतं. ओव्हन १०० ते १२० अंशांवर ठेवा, दोन-तीन तास लागतील आणि मध्ये एकदा उलटवावं लागेल. घाई करून आच वाढवली की मधे फुगतं आणि कडा वर वळतात. पूर्ण गार झाल्यावर रंगवा. रंग वाळला की दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्या. हे टाळू नका, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि वॉर्निश नसेल तर वस्तू हळूहळू मऊ पडते. घरात कुत्रा असेल तर कच्ची कणीक आणि तयार वस्तू दोन्ही त्याच्या तोंडापासून दूर ठेवा. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

याच कणकेची एक दुसरी रीतही सुरू करता येईल. दरवर्षी प्रत्येक मुलाने नाताळच्या झाडासाठी एकच दागिना करायचा, मऊ असतानाच त्यात अंगठा दाबायचा आणि मागे काडीने नाव आणि साल कोरायचं. एवढंच. शेजारी शेजारी टांगले की अंगठा दरवर्षी केवढा वाढला ते मुलं स्वतःच मोजत बसतात. प्रत्येक मुलाचे दागिने वेगळ्या डब्यात ठेवा. पुढे ते स्वतःचं घर थाटेल तेव्हा डबा त्याचा.

११ वर्षांच्या मुलाला विणकाम झेपतं, पण त्याला मफलरवर बसवू नका. मोठ्या माणसाचा मफलर दीड मीटरच्या पुढे जातो आणि नवशिक्याचा उत्साह पहिल्या वीतभरातच संपतो. कान झाकणारी पट्टी किंवा कपाखालचा चौकोन द्या. लोकर जाड, सुया ५-६ मिलिमीटरच्या आणि सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या. लोकर फिकट रंगाची घ्या. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत आणि चुकलेला टाका शोधताना मूल रडकुंडीला येतं.

मेणबत्त्या करायच्या असतील तर मुलांसोबत मेण वितळवण्यापेक्षा मधमाशांच्या मेणाचे पातळ जाळीदार पत्रे घ्या. पत्रा हातात धरून जरा ऊबदार केला, कडेला वात ठेवली आणि घट्ट गुंडाळत नेला की झाली मेणबत्ती. ना गॅस, ना ओतणं. घरचा साबण मात्र मोठ्यांनीच करावा. त्यात कॉस्टिक सोडा लागतो आणि वड्या मुरायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरुवात हवी.

मला सगळ्यात जवळची वाटणारी भेट मात्र वस्तू नाहीच. मुलाने आजीजवळ बसून तिला प्रश्न विचारायचे, फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि ते वहीत आपल्या अक्षरात उतरवून काढायचं. प्रश्न छोटे हवेत: लहानपणी कुठल्या खोलीत झोपायचीस, कुणाची भीती वाटायची, पहिला पगार कशावर खर्च केलास, आईच्या हाताला कसला वास यायचा? "तुझं बालपण कसं होतं" असं विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर मिळतं. खोलीबद्दल विचारलं की तासभर बोलणं होतं. मग वहीची एक प्रत आजीला आणि एक मावशीला किंवा आत्याला. आवाजाची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

पत्राचंही तेच. नाताळचं पहिलं छापील कार्ड १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी करवून घेतलं, ते इतक्या लोकांना हाताने पत्रं लिहायला सवड नव्हती म्हणून. आज फोनवरून क्षणात शंभर जणांना शुभेच्छा जातात; त्यामुळे एका माणसासाठी लिहिलेलं एक पान आता दुर्मीळ झालंय. लिहिता येणाऱ्या प्रत्येकाने भेटीसोबत एक पान जोडावं, त्यात त्या वर्षी त्या माणसाने आपल्यासाठी केलेली एक नेमकी गोष्ट असावी. "तू फार चांगली आहेस" यात काही येत नाही. "मी तापाने आजारी होते तेव्हा तू रात्री खुर्चीतच झोपलीस" यात सगळं येतं.

"एक दिवस भांडी घासेन" किंवा "एक दुपार बुद्धिबळ खेळेन" अशी वचनाची कुपनं द्यावीत का, असंही पुष्कळजण विचारतात. द्या, पण वर तारीख घाला आणि कॅलेंडरवर मांडा. तारखेविना दिलेलं वचन बहुधा खणातच राहतं.

भेटी उघडण्याची पद्धत बदला, तुमच्या पाच मिनिटांवर खरा उपाय तोच आहे. एका वेळी एकच भेट उघडायची आणि बाकीच्यांनी बघायचं. उघडून झाल्यावर करणाऱ्याने सांगायचं, हे कसं केलं, कुठे अडलं, हेच का सुचलं. सुरुवात सगळ्यात लहानाने करावी, त्याला धीर नसतो. दुकानातल्या वस्तू बंद करायची गरज नाही. मुलांना हवी असलेली एखादी येऊ द्या, फक्त तिची पाळी नंतर.

घरात गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा, देखावा मांडत असाल तर एक जुनी सुंदर रीत आहे. १२२३ साली असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीत ग्रेच्चो इथे खरं गवत आणि खरे बैल-गाढव आणून गव्हाणी उभी केली होती. रीत अशी: घरच्या गव्हाणीत सुरुवातीला बाळ नसतं, गवतही नसतं. कुणी कुणासाठी न सांगता काही केलं की त्याने गवताची एक काडी आत ठेवायची, म्हणजे २४ च्या रात्री बाळाला अंथरूण मऊ मिळेल. काडी कुणी आणि कशासाठी ठेवली ते विचारायचं नाही. ६ वर्षांचं मूल दिवसाला दहा काड्या ठेवेल, ठेवू द्या.

एका वर्षात हे सगळं करू नका. यंदा चिठ्ठ्या आणि अंगठ्याचा दागिना, बस्स. एका वहीत दोन पानं लिहून ठेवा: कुणाला कुणाची चिठ्ठी आली, कुणी काय केलं, मुलं कशात रमली. पुढच्या नोव्हेंबरात मुलं आपणहून जे मागतील ते ठेवा आणि जे कुणालाच आठवणार नाही ते खुशाल सोडा. घरातलं एखादं माणूस गेलेलं असेल, तर त्या वर्षी त्याच्या नावाचीही चिठ्ठी टाका. ज्याला ती येईल त्याने त्या माणसाच्या आवडीचं काहीतरी करून घरात ठेवायचं. माझ्या ओळखीच्या एका घरात असं करतात, आणि त्यामुळे ते नाव सणाच्या दिवशी मोकळेपणाने घेतलं जातं.

राहिली मोठ्यांना हलकं वाटण्याची धास्ती. काहींना वाटेल, आणि ते मनाला लावून घेऊ नका. पण पुष्कळदा वस्तू हाताने केलेली असते म्हणून ती हलकी दिसत नाही, अर्धवट सोडलेली असते म्हणून दिसते. लोंबणारे दोरे कापा, लोकरीची टोकं आत ओवून टाका, लाकूड पॉलिशपेपरने घासा, गोंदाचे ओघळ पुसा. भेट साध्या कापडात बांधा आणि वर करणाऱ्याचं नाव आणि वय लिहा. ज्यांना खरंच दुकानातलंच आवडतं त्यांच्यासाठी दुकानातून आणा, सोबत मुलाने लिहिलेलं पान ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्यांना चिठ्ठीत घ्यायचं की नाही ते त्यांनाच विचारा.